सातचा भोंगा वाजला, मोबाईल बंद झाले. पण साडेआठनंतर मुलांचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये या गावाची बातमी देशभर गाजली होती. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घराघरातले टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. दीड तास पोरं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना किंवा वाचायला. साडेआठला पुन्हा भोंगा, की गाव परत ऑनलाइन. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली, नंतर वर्ग सुरू झाले तरी मोबाईल काही मुलांच्या हातातून सुटेना, म्हणून ग्रामसभेत हा निर्णय झाला. शिक्षक, आशा सेविका, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून लोकांना आठवण करून देत होत्या.

कल्पना चांगलीच आहे. एका घरानं ठरवलं तर पोरगं शेजारच्या घरात जाऊन मोबाईल बघतं, पण अख्ख्या गावानं ठरवलं की जायला जागा उरत नाही. प्रश्न फक्त एवढाच की साडेआठनंतर काय? मोबाईल पुन्हा हातात आल्यावर त्या मुलानं त्यात नेमकं काय करायचं, काय टाळायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलंय का?

सध्या जगभर जी चर्चा सुरू आहे, ती याच दोन टोकांमध्ये अडकली आहे. मुलांच्या हातातून सोशल मीडिया काढून घ्यायचा, की तो वापरायला शिकवायचं? पहिल्या बाजूच्या बातम्या खूप येतात, दुसऱ्या बाजूच्या कमी. आणि गंमत म्हणजे, दुसऱ्या बाजूचा एक भक्कम पुरावा आपल्याच देशातून, बिहारमधून आला आहे.

ऑस्ट्रेलियानं काय केलं?

आधी बंदीचं पाहू. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. १६ वर्षांखालच्या मुलांचं फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब अशा ठिकाणी खातं असता कामा नये. जबाबदारी कंपन्यांची. मुलांना किंवा पालकांना दंड नाही, पण कंपनीनं पुरेशी पावलं उचलली नाहीत तर तिला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या महिनाभरातच सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं तिथल्या सरकारनं सांगितलं.

भारतातही मग मागणी सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये १३ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती, तेव्हा हा धोरणाचा विषय आहे असं सांगून न्यायालयानं ती ऐकली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मात्र, ऑस्ट्रेलियासारख्या कायद्याचा विचार केंद्रानं करावा, असं सुचवलं.

आता या बंदीतली एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या यादीत व्हॉट्सॲप नाही. ते निरोपाचं साधन मानून वगळलं आहे. यूट्यूबसुद्धा खात्यात न शिरता पाहता येतंच. म्हणजे तसाच्या तसा कायदा उद्या इथे आणला, तरी आपल्याकडची मुलं ज्या दोन गोष्टींवर जास्तीत जास्त वेळ असतात, त्या दोन्ही कमी-अधिक प्रमाणात तशाच राहतील. शिवाय आपल्याकडे वर्गाचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, गृहपाठ व्हॉट्सॲपवर, 'उद्या शाळेला सुट्टी आहे' हा निरोपही व्हॉट्सॲपवर. आणि तो फोन बहुतेक वेळा आईचा. कायद्यानं कुणाचं वय तपासायचं?

आपली मुलं नेमकी कुठे आहेत?

ग्रामीण भागातल्या मुलांची शैक्षणिक पाहणी करणारा 'असर' अहवाल दरवेळी वाचन-गणिताच्या आकड्यांमुळे चर्चेत येतो. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या मुलांना स्मार्टफोनबद्दलही विचारलं होतं. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता आणि ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं, तर ७६ टक्के मुलं सोशल मीडियावर गेली होती.

इथपर्यंत आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. थांबायचं आहे ते पुढच्या आकड्यांपाशी. सोशल मीडिया वापरणाऱ्या या मुलांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्के मुलांना माहीत होतं. पासवर्ड बदलणं ५७.७ टक्के मुलांना आणि प्रोफाइल प्रायव्हेट करणं ५५.२ टक्के मुलांना. म्हणजे दहातली चार मुलं त्रास देणाऱ्या माणसाला ब्लॉक करू शकत नाहीत, पण रील मात्र सगळ्यांना टाकता येतं. गाडी रस्त्यावर आहे, ॲक्सिलेटर माहीत आहे, ब्रेक कुठे आहे ते माहीत नाही.

आणि शाळा यावर काय करते? काहीच करत नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सामाजिक आरोग्य' नावाचा धडा आहे. त्यात मोबाईलचा अतिवापर, सेल्फीचं वेड, सायबर गुन्हे यांचा उल्लेख आहे. पण तो धडा आहे. त्याखाली स्वाध्याय आहे. परीक्षेला दोन-तीन गुणांचा प्रश्न येतो, मुलं पाठ करून लिहितात, आणि पेपर सुटला की शाळेच्या गेटबाहेर पेपरची रील बनते.

दुसरा प्रकार म्हणजे 'सायबर जनजागृती कार्यक्रम'. हा तुम्हीही पाहिला असेल. सभागृहात पाचवी ते दहावीची सगळी मुलं मांडी घालून बसवलेली. पोलीस ठाण्यातून साहेब येतात, शाल-श्रीफळ होतं, पडद्यावर पन्नास-साठ स्लाइड सरकतात. ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, फोटो टाकू नका. मागच्या रांगेतली मुलं एव्हाना एकमेकांना ढोसायला लागलेली असतात. आभारप्रदर्शन, राष्ट्रगीत, ग्रुप फोटो. तो फोटो संध्याकाळी शाळेच्या फेसबुक पेजवर, मुलांच्या चेहऱ्यांसकट. त्यांच्या पालकांना कुणी विचारलेलं नसतं.

साहेबांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण अशा एका तासानं काही फरक पडतो का?

बिहारमधले दोन प्रयोग

या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही, कारण ते तपासून पाहिलं गेलं आहे. सुमित्रा बद्रीनाथन या राज्यशास्त्राच्या संशोधक. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी त्यांनी बिहारमध्ये १,२२४ लोकांवर एक प्रयोग केला. प्रशिक्षित लोक घरी जाऊन साधारण तासभर बसायचे, खोटी बातमी कशी ओळखायची ते सांगायचे, फोटो उलटा शोधून त्याचं मूळ कसं काढायचं ते दाखवायचे. काही दिवसांनी त्याच लोकांना खऱ्या-खोट्या बातम्या दाखवून पारखायला सांगितलं.

फरक पडला नाही. सरासरीत जवळजवळ शून्य. उलट, सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांच्या बाबतीत, आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता प्रशिक्षणानंतर थोडी कमीच झाल्याचं आढळलं. पक्षाचं नाव कुठलंही असलं तरी ही माणसाची जात सगळीकडे सारखीच; आपल्या बाजूच्या मजकुरावर शंका घ्यायला सांगितलं की माणूस आणखी घट्ट होतो.

बरेच लोक इथेच थांबले असते. पण बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रयोग मोठ्यांऐवजी मुलांवर केला. बिहार सरकारच्या 'जीविका' या संस्थेसोबत ५८३ गावांतली १३ ते १८ वयाची साडेतेरा हजारांहून जास्त मुलं त्यात घेतली. अर्ध्या मुलांना माहिती पारखण्याचे चार वर्ग, उरलेल्यांना इंग्रजीचे. एका दिवसात गुंडाळलेले नव्हे, तर काही आठवड्यांच्या अंतरानं, गावाजवळच्या ग्रंथालयात, शिक्षकांसमोर बसून, चर्चा करत, मधल्या काळात गृहपाठ करत.

यातली सगळ्यात हुशार गोष्ट मला वाटते ती विषयाची निवड. त्यांनी राजकारण घेतलं नाही, आरोग्य घेतलं. अमुक काढ्यानं तमुक आजार बरा होतो, लस घेतली की असं होतं, झाडपाला बांधला की साप चावलेला माणूस वाचतो, या धर्तीचे दावे आपल्या प्रत्येकाच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहेत. त्यावर बोलताना शिक्षकाला भीती नाही, पालकांची तक्रार नाही, कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

या वेळी निकाल वेगळा आला. वर्गात बसलेली मुलं खरी आणि खोटी माहिती इतरांपेक्षा स्पष्टपणे चांगली ओळखू लागली. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. राजकारण शिकवलेलंच नव्हतं, तरी मुलं राजकीय बातम्याही जास्त चांगल्या पारखत होती. आणि ज्यांना कुणी काहीच शिकवलं नव्हतं, त्या मुलांच्या पालकांमध्येही सुधारणा दिसली. पोरांनी घरी जाऊन सांगितलं होतं.

आपल्याकडे ज्ञान वरून खाली वाहतं अशी समजूत आहे. इथे ते खालून वर गेलं.

केरळनं हे शाळेत आणलं

केरळमध्ये याची सुरुवात एका जिल्ह्यातून झाली. २०१७ मध्ये कन्नूर जिल्ह्यात गोवर-रुबेला लसीबद्दल व्हॉट्सॲपवर अफवा पसरल्या आणि पालक मुलांना लस द्यायला तयार होईनात. तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी लक्षात घेतलं की प्रत्येक अफवेमागे धावून खुलासा करणं हे न संपणारं काम आहे. २०१८ मध्ये त्यांनी जिल्ह्यातल्या सुमारे १५० सरकारी शाळांमध्ये 'सत्यमेव जयते' नावानं वर्ग सुरू केले.

पुढे राज्याच्या 'काइट' या संस्थेनं हे काम राज्यभर नेलं. २०२२ मध्ये पाचवी ते दहावीच्या सुमारे १९.७२ लाख विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिल्याचं संस्थेनं जाहीर केलं. २०२४ मध्ये तर पाचवी आणि सातवीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच खोटी बातमी ओळखण्याचा भाग आला. म्हणजे तो एखाद्या साहेबांच्या वेळेवर अवलंबून राहिला नाही, वेळापत्रकात बसला.

मग वर्गात शिकवायचं तरी काय?

इथे एक सापळा आहे. 'एआयचा फोटो असेल तर बोटं मोजा, सहा दिसतील' असले उपाय खूप फिरतात. पण ते वर्षभरात शिळे होतात. दोन वर्षांपूर्वीचे एआय फोटो आणि आजचे फोटो शेजारी ठेवून पाहा. मुलांना फोटोकडे टक लावून पाहायला शिकवलं तर ती हरणारच.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर अशा तिघांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले आणि छान दिसणाऱ्या लोगोला फसले. फॅक्ट-चेकरांनी काही सेकंदांत ते पान सोडलं, शेजारी नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे लोक काय म्हणतात ते पाहिलं. स्थळ बघताना आपण हेच तर करतो. मुलाच्या बायोडेटावर विश्वास ठेवतो का? गावात चौकशी करतो.

हीच चौकशीची सवय मुलांना लावायची आहे. हे कुणी टाकलं, तो माणूस तिथे होता का, आणखी कुणी हे सांगतंय का, व्हिडिओचा उरलेला भाग कुठे आहे.

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, म्हणून एक उदाहरण. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यातल्या एकात मोटारसायकलवरून आलेले दोघं रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती जाहिरात होती. मूळ जाहिरातीत ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा भाग कापला आणि उरलेला पुढे ढकलला.

अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ ला, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला भिक्षेकरी म्हणून फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. राईनपाड्याच्या जमावातले बहुतेक लोक प्रौढ होते. सोशल मीडिया जपून वापरणं हा फक्त 'मुलांचा' विषय आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ती तारीख लक्षात ठेवावी.

आणि जे घरी सांगता येत नाही, त्याचं काय?

बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. मुलांना होणारा त्रास खोट्या बातम्यांपुरता नाही. फोटो बदलून अश्लील करणं, ओळख वाढवून फोटो मागणं आणि मग पैशासाठी धमकावणं, हे रोजचं झालं आहे. पण इथे नुसती मनाई कशी उलटते ते पाहा.

नववीतल्या एखाद्या मुलीला अनोळखी खात्यावरून धमकी आली. घरी सांगितलं तर पहिली गोष्ट काय होईल? फोन काढून घेतला जाईल. दुसरी, 'तू मुळात फोटो टाकलासच कशाला?' काही घरांत तिसरी गोष्ट शाळा बंद. हे तिला नीट माहीत असतं, म्हणून ती सांगत नाही. धमकावणाऱ्यालाही तेच माहीत असतं. त्याचा सगळा धंदा तिच्या गप्प बसण्यावर चालतो.

तिला शाळेत आधीच कुणीतरी सांगायला हवं की धमकीचे स्क्रीनशॉट ठेव, खातं रिपोर्ट कर, पैसे पाठवू नकोस, पाठवल्यानं धमकी थांबत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा. 'टेक इट डाउन' ही १८ वर्षांखालच्या मुलांसाठीची विनामूल्य सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

आणि मुलग्यांना वेगळं सांगायला हवं. वर्गातल्या ग्रुपवर एखाद्या मुलीचा तसला फोटो आला आणि 'मी फक्त पुढे पाठवला' असं कुणी म्हणालं, तर कायद्यात त्याला 'फक्त' म्हणत नाहीत. मुलांची अश्लील चित्रं पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा मजकूर पाहणं आणि जवळ ठेवणं यालाही पोक्सो कायद्याखाली गुन्हा ठरवलं. किती शाळांमध्ये हे वाक्य मुलग्यांसमोर स्पष्ट उच्चारलं जातं?

हे शिकवणार कोण?

शिक्षकांना विचारलं तर ते हसतील. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज कुठल्या ना कुठल्या ॲपवर भरायची माहिती, त्यात आणखी एक विषय. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण बिहारमध्ये चार वर्ग पुरले. वर्षाला चार तासिका कुठूनही काढता येतात. रोजच्या परिपाठात सुविचार आणि दिनविशेष असतोच. आठवड्यातून एकदा 'काल ग्रुपवर आलेला मेसेज' फळ्यावर लिहून त्याची चौकशी करता येईल. खर्च शून्य. अट एकच, मेसेज मुख्याध्यापकांनी पाठवलेला असला तरी तो तपासायची मुभा हवी.

एक बदल मात्र शाळांची वाट न पाहता येतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. त्यानंतर १८ वर्षांखालच्या कुणाचीही माहिती वापरण्याआधी कंपनीला पालकांची संमती घ्यावी लागेल, तीही पडताळता येईल अशी. मुलांच्या मागे लागून जाहिराती दाखवायलाही मनाई असेल. कागदावर हे उत्तम आहे. संमतीचा तो मेसेज आईच्या फोनवर येईल, इंग्रजीत किंवा जडजंबाल मराठीत. आणि आपल्यातल्या बहुतेक घरांत जे होतं तेच होईल. आई फोन पुढे करून विचारेल, 'हे काय आलंय रे, बघ जरा', आणि पोरगं ते वाचून दाखवेल.